कोरी माणसं जपून खर्च करा: व्हॉलेंटिअर्सना घेऊन टीम हंट कसा बसवायचा आणि कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातला जुन्या कॉलेजमित्रांचा एक ग्रुप आहे, त्यांना शहरातून चालत फिरत कोडी सोडवायचा खेळ घ्यायचाय, वीस टीम, प्रत्येकी चार-पाच जण. दहा कोडी लिहून झालीत, १४ व्हॉलेंटिअर आहेत, हातात सात आठवडे आहेत. सगळी कोडी उत्तरांसकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी वाचली, सगळ्यांना आवडली, "एक नंबर" म्हणाले. आता वेगळी टेस्टिंग करायची गरज आहे का, का सरळ परवानग्या आणि बक्षिसांच्या मागं लागावं?

गरज आहे, आणि तुमची खरी अडचण टेस्टिंग करावी का नको ही नाहीच. अडचण अशी आहे की तुमच्याकडं आत्ता टेस्ट करायला एकही माणूस शिल्लक नाही. १४ च्या १४ जणांनी कोडं आणि उत्तर एकाच वेळी वाचलंय. उत्तर शेजारी असताना कुठलंही कोडं सोपं आणि छान वाटतं, कारण डोकं उलट्या दिशेनं चालतं, उत्तरापासून मागं येतं आणि सगळे दुवे बरोबर जुळलेले दिसतात. खेळणाऱ्याला पुढून यायचं असतं, त्याच्या हातात एक कागद असतो, डोक्यावर ऊन असतं आणि शेजारचा म्हणत असतो की चल पुढं. त्यामुळं त्या ग्रुपवरच्या "एक नंबर"चा अर्थ एवढाच की तुमचं उत्तर तुमच्या कोड्याशी जुळतं. तेही लागतंच, पण ती टेस्ट नव्हे.

मी गेली नऊ वर्षं असे हंट बसवतोय, कधी सोसायटीसाठी, कधी कॉलेजसाठी, एक-दोनदा कंपनीच्या फॅमिली डेला. पोटापाण्याचं काम शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत इन्स्पेक्शनला. आमच्याकडं साधा नियम आहे, पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, ज्यानं बनवला त्यानं त्यावरून ओतलेलं कास्टिंग पास करायचं नाही. तो माणूस वाईट असतो म्हणून नाही, त्याच्या डोळ्याला जे असायला पाहिजे तेच दिसतं म्हणून. कोड्याचं अगदी तसंच आहे. आमच्या टीममध्ये आम्ही दोन शब्द वापरतो, "कोरा" आणि "फुटलेला", पेपर फुटतो तसा. ज्यानं कोडं अजून बघितलं नाही तो कोरा, ज्यानं एकदा बघितलं तो त्या कोड्यापुरता कायमचा फुटला, परत कोरा होत नाही. म्हणून माझ्या मते हंटच्या प्लॅनिंगमध्ये पैसा, परवानगी, बक्षिसं ही सगळी नंतरची गोष्ट, सगळ्यात कमी असणारा माल म्हणजे कोरी माणसं, आणि तो माल कधी, किती, कुठल्या कोड्यावर खर्च करायचा हे पहिल्या दिवशी कागदावर मांडायला पाहिजे.

तुमच्यासाठी हिशोब करून दाखवतो. दहा कोडी आहेत. प्रत्येक कोडं कमीत कमी दोन वेगळ्या कोऱ्या गटांनी सोडवलेलं पाहिजे, पहिला गट चुका दाखवतो, मग दुरुस्ती करायची, आणि दुसरा गट दुरुस्ती खरंच लागली का ते दाखवतो. तीन जणांचा गट एका संध्याकाळी पाच कोडी नीट सोडवू शकतो, त्याच्या पुढं डोकं थकतं आणि निकाल खोटे यायला लागतात. म्हणजे पहिल्या फेरीला दोन गट, दुसऱ्या फेरीला दोन गट, झाले १२ जण. माझा अनुभव असा की निम्मी कोडी दुसऱ्या फेरीतही कुठंतरी अडकतात, त्यांच्यासाठी अजून एक गट, १५ झाले. आणि शेवटी अख्खा खेळ रस्त्यावर पळवून बघायला चौघांच्या दोन टीम, ज्यांनी एकही कोडं बघितलेलं नाही असे आठ जण. एकूण २३. तुमच्या १४ जणांनी प्रत्येकी दोन कोरी माणसं आणली की २८ होतात, म्हणजे पाच हाताशी राहतात, कुणीतरी ऐनवेळी लग्नाला जातंच. मावसभाऊ, शेजारच्या काकू, ऑफिसातला मित्र, कुणीही चालेल, फक्त सगळेच कोड्यांचे शौकीन नकोत. जशी माणसं खेळायला येणार तशीच टेस्टला पाहिजेत. शौकीन माणसं कुठलंही कोडं सोडवतात आणि तुम्हाला वाटतं सगळं बरोबर आहे.

आता ह्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. टेस्ट केल्यावर ही फुटलेली माणसं वाया जात नाहीत. उलट पॉइंटवर, म्हणजे जिथं टीमला कोडं मिळतं त्या जागी, उभं राहायला त्यांच्याइतका चांगला व्हॉलेंटिअर मिळत नाही. ज्या माणसानं त्या कोड्यावर स्वतः पंचवीस मिनिटं काढलीत त्याला समोरची टीम कुठं अडकलीय हे बघितल्या बघितल्या कळतं, आणि किती अडकू द्यायचं हेही कळतं. म्हणून मी आता व्हॉलेंटिअर गोळा करताना कुणालाही काही दाखवत नाही. सगळ्यांना कोरं म्हणूनच घ्यायचं, टेस्टमध्ये खर्च करायचं आणि मग ज्यानं जे कोडं टेस्ट केलं त्याच पॉइंटवर त्याला उभं करायचं. तुमचं उलटं झालंय, आधी फोडलं आणि मग टेस्टला माणूस शोधायलाय. हरकत नाही, १४ जणांना टेस्ट चालवायला, परवानग्यांना, छपाईला लावा, आणि त्यांनी आणलेल्या माणसांतले जे टेस्टनंतर यायला तयार असतील ते पॉइंटला. बहुतेक जण तयार होतात, एकदा कोडं सुटलं की त्याला दुसऱ्याची फजिती बघायचीच असते.

टेस्ट कशी घ्यायची ते सांगतो, कारण इथंच जास्त गडबड होते. घरात, टेबलावर, छापलेल्या कागदावर घ्या, मोबाईलवर फोटो पाठवून नको, कारण खेळणारे कागदावर पेनानं खरडणार आहेत. ज्यानं कोडं लिहिलं तो खोलीत असला तर तोंडावरून कळतं, म्हणून त्याला चहा करायला पाठवा, दुसरा कुणीतरी बघायला बसवा. बघणाऱ्यानं बोलायचं नाही. फक्त सुरुवातीला एवढंच सांगायचं की जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. "हे रकाने काय असतील", "हे आकडे पानांचे आहेत का", असं सगळं. आणि लिहून घ्यायचं, विशेषतः चुकीचे अंदाज. कारण उद्या वीस टीममधल्या पाच टीम नेमका तोच चुकीचा अंदाज करणार आहेत.

वेळा तीन टिपायच्या. कागद हातात दिला ती वेळ, पहिल्यांदा बरोबर दिशा सापडली ती वेळ आणि उत्तर आलं ती वेळ. एकूण किती मिनिटं लागली एवढंच लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. पहिल्या दोन वेळांतलं अंतर म्हणजे दार सापडायला लागलेला वेळ, दुसऱ्या दोन वेळांतलं अंतर म्हणजे दार सापडल्यावरची मेहनत. दार सापडायला वीस मिनिटं लागली तर कोड्याच्या नावात किंवा पहिल्या ओळीत इशारा कमी पडलाय. दार लगेच सापडलं पण मग वीस मिनिटं नुसती अक्षरं मोजत बसले तर कोडं लांबलंय, निम्मं कापा. आणि ह्या दोन रोगांना उलटं औषध दिलं की कोडं अजून बिघडतं. मी सुरुवातीची दोन वर्षं हेच करत होतो, लोक "लई अवघड आहे" म्हणाले की इशारे वाढवायचो, आणि खरा त्रास होता लांबीचा.

उत्तर आलं की लगेच बरोबर-चूक सांगू नका. आधी विचारा, किती खात्री आहे. चांगल्या कोड्यात उत्तर आल्यावर माणूस स्वतःच म्हणतो, "हेच असणार". जर ते म्हणाले की "हे नाहीतर ते असेल", तर कोडं अर्धवट आहे, भले उत्तर बरोबर आलेलं असो. रस्त्यावर हीच टीम चुकीच्या पॉइंटला चालत जाईल, आणि तिथं त्यांच्याशी वाद घालायला तुमचा व्हॉलेंटिअर एकटा असेल. शेवटी "मजा आली का" हे विचारू नका, समोर बसून कुणी नाही म्हणत नाही. "कुठल्या क्षणी हे ठेवून द्यावंसं वाटलं" हे विचारा, मग खरं बोलतात.

एक उदाहरण देतो. आम्ही खासबाग कुस्ती मैदानाच्या पॉइंटसाठी कुस्तीच्या डावांवर कोडं केलं होतं. धोबीपछाड, कलाजंग, घिस्सा, निकाल, भारंदाज असे डाव, प्रत्येकाचं चित्र, चित्रावरून डाव ओळखायचा आणि ठरलेलं अक्षर उचलायचं. लिहिणारे दोघं तालमीत वाढलेले, आम्हाला सगळ्यांना वाटलं कोल्हापुरात हे कोडं म्हणजे घरचं जेवण. पहिल्या टेस्टला इंजिनिअरिंगच्या तीन मुली होत्या, तिघी बाहेरगावच्या, पंधरा मिनिटांत हात टेकले. त्यांना कोडं अवघड नव्हतंच, त्यांना शब्दच माहीत नव्हते, आणि जे माहीत नाही ते विचार करून सापडत नाही. पहिल्यांदा आम्ही चिडलो, कोडंच काढून टाकायला निघालो होतो. मग एकीनंच सुचवलं की डावांची यादी बाजूला छापून द्या. बारा डावांची नावं दिली, त्यातली पाच लागणारी, प्रत्येक चित्राखाली जितकी अक्षरं तितके चौकोन. कलाजंगला चार, घिस्साला दोन. आता ज्याला कुस्ती येते तो चित्र बघून सुटतो, ज्याला येत नाही तो चौकोन मोजून आणि चित्र यादीशी ताडून पोचतो, आणि पोचेपर्यंत पाच डाव शिकून जातो. ते कोडं आम्ही नंतर तीनदा वापरलं. तेव्हापासून प्रत्येक कोड्याला मी एकच प्रश्न विचारतो: इथं माणूस माहितीवर अडकतोय का विचारावर. माहितीवर अडकत असेल तर ती माहिती कागदावर किंवा पॉइंटवर द्या.

मराठीत कोडी लिहिणाऱ्यांनी आता जरा नीट ऐका, कारण ह्याबद्दल कुठं लिहिलेलं सापडत नाही आणि जवळजवळ प्रत्येक नवीन ग्रुप इथं आपटतो. "तिसरं अक्षर घ्या" म्हणताना अक्षर म्हणजे काय हे ठरवलेलं पाहिजे. महाराष्ट्र हा शब्द घ्या. म, हा, रा, ष्ट्र, चार अक्षरं. पण आमच्या एका टेस्टला एकानं सहा मोजली, ष, ट आणि र वेगळे धरून, आणि त्याची बाजूही समजण्यासारखी होती, मोबाईलवर टाईप करताना ते वेगवेगळंच दाबावं लागतं. काना-मात्रा अक्षराबरोबर येणार का नुसतं व्यंजन घ्यायचं? अनुस्वार धरायचा का? पंचगंगाचं पहिलं अक्षर पं का प? ह्यातलं काहीही ठरवलं तरी चालतं, पण सगळ्या हंटमध्ये एकच नियम पाहिजे आणि तो पहिल्या पानावर उदाहरणासकट छापलेला पाहिजे. आम्ही असं ठेवलंय की जोडाक्षर म्हणजे एक अक्षर आणि ते काना-मात्रा-अनुस्वारासकट जसंच्या तसं उचलायचं.

त्याचा एक फायदा पण होतो. समजा शेवटचं उत्तर "खासबाग" आहे आणि चार कोड्यांच्या उत्तरांची पहिली अक्षरं जोडून ते येतं. समई आणि गवत सहज मिळतात, पण खा आणि बा पाहिजे, म्हणजे खापर, बाभूळ असे शब्द शोधावे लागतात. लिहिणाऱ्याला हात बांधल्यासारखं वाटतं, पण सोडवणाऱ्याला "खा, स, बा, ग" समोर आलं की डोळे मिटून वाचता येतं, "ख स ब ग" वरून कुठून कुठं गेला असता.

स्पेलिंगचं दुसरं दुखणं. जोतिबा का ज्योतिबा? दोन्ही लिहितात, पाट्यांवर दोन्ही दिसतात. शाहूपुरी का शाहुपुरी? जर तुम्ही जोतिबाचं पहिलं अक्षर मागितलं तर निम्म्या टीमचं उत्तर जो येणार आणि निम्म्यांचं ज्यो. तिसरं मागा, बा, दोन्हीकडं सारखंच. म्हणजे शब्द बदलायची गरज नाही, जिथं दुमत नाही तिथलं अक्षर उचला. आणि उत्तर मोबाईलच्या फॉर्मवर घेणार असाल तर इंग्रजी अक्षरांत लोक एकच नाव पाच प्रकारे लिहितात, फॉर्म चार जणांना चूक म्हणतो. आम्ही फॉर्म सोडला, उत्तर पॉइंटवरच्या माणसाला तोंडानं सांगायचं, त्याच्याकडं चालणाऱ्या उत्तरांची यादी. माणसाला कळतं, फॉर्मला कळत नाही.

अजून एक गंमतशीर सापडलेलं. आपल्या वर्णमालेत क, च, ट, त, प असे पाच वर्ग, प्रत्येकात पाच, म्हणजे तयार पाच बाय पाचचा तक्ता. आकड्यांच्या जोडीनं अक्षर सांगायला इतकं सुंदर साधन आपल्याला आयतं मिळालंय, तिसरी रांग पाचवं घर म्हणजे ण, पाचवी रांग पहिलं घर म्हणजे प. आम्ही वापरलं, आणि टेस्टला इंग्लिश मीडियमच्या पोरांनी क ख ग घ च असं लिहिलं, ङ विसरून, आणि तिथून पुढं सगळी घरं एकेकानं सरकली. त्यांना पद्धत कळली होती, तरी उत्तर कचरा येत होतं आणि चूक कुठं आहे हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. रिकामा तक्ता छापून त्यात फक्त ङ आणि ञ भरून दिले, काम झालं. स, ह, र, ल ही पंचविसात येत नाहीत, त्यांच्यासाठी खाली जादा रांगा लागतात, त्या पण दाखवून ठेवा.

शेवटच्या कोड्याबद्दल. सगळ्या छोट्या उत्तरांतून एक मोठं उत्तर निघतं ते मुख्य कोडं सगळ्यात आधी ठरवायचं असतं आणि सगळ्यात जास्त तेच टेस्ट करायचं असतं, कारण छोटं कोडं बिघडलं तर एक पॉइंट बिघडतो, हे बिघडलं तर अख्खा दिवस. तुमची दहा कोडी आधी लिहून झालीत म्हणताय, तर मला शंका आहे की मुख्य कोडं नंतर चिकटवलंय. तसं असेल तर दोन-तीन उत्तरं बदलायची तयारी ठेवा. ते टेस्ट करायला आधीची कोडी सोडवायची गरज नसते, कोऱ्या गटाला दहा उत्तरं सरळ लिहून द्या आणि बघा. मग दुसऱ्या गटाला दहातली आठच द्या. आठवरून सुटलं तर उत्तम, एखादं कोडं न सुटलेली टीम पण शेवटपर्यंत पोचेल. पाचवरूनच सुटत असेल तर उरलेल्या पाच पॉइंटवर तुमची माणसं उन्हात उभी राहून टीमची वाट बघत बसणार.

टेबलावर पास झालेलं कोडं जागेवर पास होईलच असं नाही. तुमची तारीख ज्या वारी आहे त्याच वारी, त्याच वेळी, हातात कागद घेऊन प्रत्यक्ष चालून बघा. रविवारी सकाळचा महाद्वार रोड आणि शनिवारी संध्याकाळचा महाद्वार रोड ही दोन वेगळी गावं आहेत. जे बदलू शकतं त्याच्यावर कोडं उभं करू नका, दुकानाची पाटी, दिव्याचे खांब, भिंतीवरचा रंग, बाकड्यांची संख्या. दगडात कोरलेलं असेल ते त्यातल्या त्यात टिकतं. पण टिकतंच असंही म्हणता येत नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर आमचं एक कोडं होतं, १९१५ चं नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, आम्हाला वाटलं ह्याच्याइतकं पक्कं काय असणार. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. कोड्याचं काय घेऊन बसलाय, सगळं गाव हळहळलं, पण सांगायचा मुद्दा हा की खेळाच्या आदल्या दिवशी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा प्रत्येक जागा कुणीतरी डोळ्यांनी बघून आला पाहिजे, आणि दोन राखीव कोडी छापून तयार पाहिजेत, जी कुठल्याही पॉइंटवर चालतील.

तारखेचं पण तसंच. तुमची तारीख पावसाळ्यात येत असेल तर पंचगंगा घाट धरूच नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पण घाटाच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जातात. नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या आसपास कुठलाही पॉइंट नको. किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत येतात ते दिवस पण टाळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, संध्याकाळी तिथं भाविकांची गर्दी असते आणि असायलाच पाहिजे, आपला खेळ त्यांच्या मध्ये यायला नको. खरं सांगायचं तर मी मंदिराच्या आत कधीच कोडं ठेवत नाही. तिथं पळापळ शोभत नाही.

ह्याच्या पुढचं सगळं परिस्थितीवर आहे. कॉलेजची पोरं असतील तर चार किलोमीटर चालतील, फॅमिली असतील तर बिंदू चौक, भवानी मंडप, खासबाग एवढ्या पट्ट्यातच ठेवा आणि रंकाळ्याला शेवट करायचाच असेल तर तिथं जायला निवांत वेळ द्या. बक्षिसाची रक्कम मोठी असेल तर भांडणं वाढतात, मग नियम जास्त घट्ट लिहावे लागतात. पण एक गोष्ट मी कुठल्याच परिस्थितीत सोडत नाही: दोन पॉइंटमधला चालायचा वेळ मी घड्याळात धरत नाही. पॉइंटवर कागद दिला की घड्याळ सुरू, उत्तर सांगितलं की बंद, आणि गाडी वापरली की टीम बाद. नाहीतर पोरं टू-व्हीलरवर ट्रिपल सीट सुटतात, आणि कुठल्याही खेळासाठी ते परवडत नाही.

आता पूर्ण खेळाची रंगीत तालीम. एकेक कोडं सुटणं वेगळं आणि अख्खा खेळ वेळेत बसणं वेगळं. अमेरिकेत एमआयटीचा मिस्टरी हंट १९८१ पासून दर जानेवारीत होतो, त्यांच्याकडं कोडी लिहिण्यात मुरलेली माणसं असतात, तरी २०१३ चा हंट शुक्रवारी दुपारी सुरू होऊन सोमवारी दुपारपर्यंत चालला. त्यांचा खेळ मुळातच दोन-तीन दिवसांचा, आपल्याला तीन तासांत बसवायचंय. माझा ठोकताळा असा की टेबलावर जितका वेळ लागला त्याच्या दीडपट रस्त्यावर लागतो. म्हणजे टेबलावर सरासरी दहा मिनिटांचं कोडं रस्त्यावर पंधराचं. दहा कोडी म्हणजे अडीच तास, वर चालायचा पाऊण तास, सव्वातीन झाले, आणि अजून पाणी प्यायला कुणी थांबलेलं नाही. म्हणून तीन तासांच्या खेळाला दहा नाही, आठ कोडी ठेवा, आणि मुख्य कोडंही त्या आठ उत्तरांवरच बसवा. दोन तास कोड्यांना, पाऊण तास चालायला आणि पंधरा मिनिटं मोकळी. जी दोन काढाल ती राखीव म्हणून कामाला येतील, आणि वरच्या हिशोबातून टेस्टचा भार पण थोडा हलका होईल.

आणि वीस टीम एकाच पॉइंटवरून सोडू नका. आठ पॉइंट, टीम आठही पॉइंटवर वाटून तिथून सुरुवात, मग गोल फिरायचं. एका पॉइंटवर एका वेळी दोन-तीन टीम येतात, त्या एकमेकांचं ऐकू नयेत इतकी जागा पाहिजे. ह्यासाठी कुठलंही कोडं आधीच्या कोड्यावर अवलंबून नको, सगळी फक्त मुख्य कोड्याला मिळाली पाहिजेत. हे रंगीत तालमीत दोन टीम उलट्या दिशेनं सोडल्या की लगेच दिसतं.

व्हॉलेंटिअर्सचं शेवटचं. प्रत्येक पॉइंटवर दोघं, एकटा कधीच नको, एकाला चहा-पाणी, बाथरूमला जावं लागतं. आठ पॉइंटना १६, एक सुरुवातीला, एक शेवटाला, दोन जण फोन घेऊन मध्यभागी, दोन जण फिरते, असे २२ लागतात, तुमचे १४ आणि टेस्टमधून आलेले मिळून होतात. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड द्या. एका बाजूला चालणारी उत्तरं, दुसऱ्या बाजूला तीन इशारे, क्रमानं, शब्दशः लिहिलेले, किती मिनिटांनी कुठला द्यायचा तेही. हे इशारे तुम्ही मनानं लिहू नका, टेस्टच्या वेळी लिहून घेतलेल्या चुकीच्या अंदाजांवरून लिहा, ते बरोबर जागेवर लागतात. कार्डाबाहेरचं काही बोलायचं नाही हे सगळ्यांना नीट सांगा. एका वर्षी आमच्या एका पोरानं फक्त दया येऊन एका टीमला डोळ्यानं खूण केली, त्याचा हेतू वाईट नव्हता, पण पलीकडच्या टीमनं बघितलं आणि संध्याकाळचा बक्षीस समारंभ त्यातच गेला. ज्याचा भाऊ-बहीण खेळायलाय त्याला पॉइंटवर ठेवू नका, छपाई-जेवणाचं काम द्या. आणि जेवण खरंच द्या, वडापाववर तीन तास उभं राहायला लावू नका, ही माणसं पुढच्या वर्षी परत यायला पाहिजेत.

तर सात आठवडे असे वाटा. पहिल्या आठवड्यात मुख्य कोडं पक्कं करा, दहातली आठ निवडा, अक्षरांचा नियम लिहा आणि २८ कोऱ्या माणसांची यादी करा. दुसऱ्या-तिसऱ्यात पहिली फेरी आणि दुरुस्ती, चौथ्यात दुसरी फेरी, पाचव्यात अडलेली कोडी आणि जागेवर चालून बघणं, सहाव्यात रंगीत तालीम, सातवा छपाई आणि कार्डांना. परवानग्यांची पत्रं पहिल्याच आठवड्यात द्या, आणि पोलीस स्टेशनला आधी कळवून ठेवा, दहा-पंधरा पोरं हातात कागद घेऊन एखाद्या पाटीखाली घोळका करून उभी राहिली की कुणीतरी विचारायला येणारच.

आणि त्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची कोडी आजच डिलीट करा, कुणीतरी फॉरवर्ड करायच्या आत. पहिल्या फेरीला माणसं कमी पडली तर सांगा, मी, माझी मुलगी आणि शेजारचे निवृत्त पोस्टमन काका असा आमचा तिघांचा गट आहे, रविवारी संध्याकाळी मोकळे असतो. फक्त उत्तरं पाठवू नका, आम्ही अजून कोरे आहोत.